कोरोना काळात नवजात बाळांना खरा धोका कशाचा होता? सोलापूर, नेपाळ आणि जगाचा अनुभव काय सांगतो

समजा, एप्रिल २०२० चा महिना आहे. करमाळा तालुक्यातल्या एका गावात एका बाईला साडेसातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या आहेत. एसटी बंद आहे. गावातला जीपवाला रस्त्यावर पोलीस अडवतील म्हणून यायला तयार नाही. तालुक्याच्या गावात सोय होईल का, याची खात्री नाही. सोलापूर शंभर किलोमीटरहून अधिक लांब. आणि घरातली म्हातारी माणसं सांगतायत, "सिव्हिलला नको, तिथं कोरोनाचे पेशंट ठेवलेत."

हे उदाहरण काल्पनिक आहे. पण त्यातली प्रत्येक अडचण त्या वर्षी लाखो कुटुंबांनी अनुभवली. जन्माला येणारं बाळ कमी दिवसांचं आणि कमी वजनाचं असेल, तर यातली एकेक अडचण त्याच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न ठरते.

कोरोनाच्या विषाणूने नवजात बाळं फार मोठ्या संख्येने दगावली नाहीत. तरीही महासाथीत त्यांच्या जिवाचा धोका वाढला. हे कसं झालं? सोलापुरात, महाराष्ट्रात, नेपाळमध्ये आणि युरोप-आफ्रिकेत काय घडलं? आणि पुढची साथ आली तर काय वेगळं करता येईल? समजून घेऊया.

सोलापुरात तेव्हा परिस्थिती काय होती?

देशभरात २५ मार्च २०२० पासून लॉकडाऊन लागू झाला. सोलापूर शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण १२ एप्रिलला समोर आला. त्यानंतर रुग्णसंख्या वाढत गेली आणि जुलैमध्ये १६ ते २६ तारखेदरम्यान शहरात पुन्हा कडक लॉकडाऊन करावा लागला.

सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४३ लाखांहून अधिक. गंभीर रुग्णांसाठी सगळ्यात मोठा सरकारी आधार म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. सोलापूरकरांच्या तोंडी त्याचं नाव एकच - 'सिव्हिल'. इथे फक्त सोलापूर जिल्ह्यातलेच रुग्ण येत नाहीत. शेजारच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिवमधून, लातूरमधून आणि कर्नाटकातल्या कलबुर्गी, विजयपुरा भागातूनही येतात.

लॉकडाऊनमध्ये यंत्रमाग थांबले, विडी कारखाने बंद झाले. विडी वळणाऱ्या आणि मागावर काम करणाऱ्या कुटुंबांची रोजची कमाई गेली. एरवी उसनंपासनं करून खासगी दवाखान्यात बाळंतपण करणाऱ्यांनाही सरकारी दवाखान्याशिवाय पर्याय उरला नाही. त्याच वेळी सरकारी दवाखान्यांवर कोरोनाच्या रुग्णांचा भार होता.

यात आपल्याकडच्या एका रीतीचीही भर पडली. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत आहे. सातव्या महिन्यानंतर मुलगी माहेरी जाते. सोलापूर सीमेवरचा जिल्हा असल्याने अनेकींचं सासर महाराष्ट्रात आणि माहेर इंडी, अफजलपूर, आळंद अशा कर्नाटकातल्या तालुक्यांत असतं. जिल्हा ओलांडायला ई-पास आणि राज्याच्या सीमेवर नाकाबंदी, अशा काळात कुणी सासरी अडकलं तर कुणी माहेरी. नाव नोंदवलेलं एका दवाखान्यात, तपासणीचे कागद तिथेच आणि कळा सुरू झाल्या दुसऱ्या गावात, अशी ती अडचण होती.

नवजात बाळ हॉस्पिटलवर एवढं अवलंबून का असतं?

जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला वैद्यकीय भाषेत 'नवजात' म्हणतात. २०२० मध्ये जगात सुमारे २४ लाख बाळं या २८ दिवसांतच दगावली. त्यामागे तीन मोठी कारणं असतात - मुदतीआधी जन्म, जन्मताना श्वास कोंडणं आणि जंतुसंसर्ग.

तिन्हींवर उपाय आहेत. पण ते वेळेवर व्हावे लागतात.

जन्मल्यावर बाळ रडलं नाही, तर पहिल्या मिनिटातच त्याला श्वास घ्यायला मदत करावी लागते. पहिल्या तासात आईचं दूध मिळणं महत्त्वाचं असतं. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला शरीराची ऊब टिकवता येत नाही.

'सोलापूरच्या ४२ अंशांत बाळाला थंडी कशी वाजेल?' असा प्रश्न कुणालाही पडेल. पण ओल्या अंगाने जन्मलेलं दीड किलोचं बाळ पंख्याखाली किंवा एसीच्या खोलीत काही मिनिटांत गार पडतं. त्याच्या कातडीखाली चरबीचा थर जवळपास नसतोच. बाळाच्या शरीराचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियसच्या दरम्यान राहायला हवं. ते खाली गेलं, की श्वास, साखर, रक्ताभिसरण अशा सगळ्यावरच परिणाम होतो.

म्हणून सरकारी यंत्रणेत तीन पायऱ्या केल्या आहेत. प्रसूती होते तिथे 'नवजात शिशु कोपरा', तालुका पातळीच्या रुग्णालयात 'स्थिरीकरण कक्ष' आणि जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयात 'विशेष नवजात काळजी कक्ष' म्हणजे एसएनसीयू. खालच्या पायरीवर बाळाला सावरायचं आणि गरज पडली तर अ‍ॅम्ब्युलन्सने वरच्या पायरीवर न्यायचं, अशी ही साखळी आहे.

साखळीतली एक कडी निखळली तरी बाळ मध्येच अडकतं. महासाथीत एकाच वेळी अनेक कड्या निखळल्या.

साथ आल्यावर नेमकं काय बिघडतं?

पहिली अडचण पोहोचण्याची. वाहन नाही, रस्ते बंद आणि दवाखान्याची भीती. पश्चिम भारतातल्या चार रुग्णालयांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की लॉकडाऊनच्या सुरुवातीच्या आठवड्यांत प्रसूतीसाठी दाखल होणाऱ्या महिलांची संख्या सुमारे ४३ टक्क्यांनी घटली होती. बाळंतपणं तर थांबत नसतात. म्हणजे या महिलांची प्रसूती घरी, जवळच्या लहान दवाखान्यात किंवा वाटेत झाली.

दुसरी अडचण दारातली. राज्यात अनेक ठिकाणी आधी कोरोनाचा रिपोर्ट दाखवा, मग दाखल करू, असं सांगितलं गेल्याच्या तक्रारी आल्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, मे २०२० च्या चाचणी धोरणात स्पष्ट लिहिलं होतं, की चाचणी झाली नाही म्हणून प्रसूतीसारखी तातडीची कोणतीही सेवा लांबवू नये. पण कागदावरची सूचना आणि रात्री दोन वाजताचं दवाखान्याचं दार यात अंतर असतं.

तिसरी अडचण माणसांची. एसएनसीयूमध्ये यंत्रांइतकाच नर्सचा हात महत्त्वाचा असतो. दर दोन-तीन तासांनी नळीने दूध देणं, सलाइनचा वेग पाहणं, बाळाचा रंग बदलला की लगेच ओळखणं, ही कामं यंत्र करत नाही. साथीत नर्स आणि डॉक्टर कोव्हिड वॉर्डाकडे वळवले गेले. जे उरले, त्यातले काही स्वतः आजारी पडले किंवा विलगीकरणात गेले.

चौथी अडचण ऑक्सिजनची. नवजात बाळाला ऑक्सिजन फार थोडा लागतो, साधारण मिनिटाला अर्धा ते दोन लिटर. उलट गंभीर कोव्हिड रुग्णाला हाय-फ्लो यंत्रावर मिनिटाला ६० लिटरपर्यंत लागू शकतो. पण दोघांचीही पाइपलाइन बहुतेक ठिकाणी एकच असते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत देशभर ऑक्सिजनची ओढाताण झाली, तेव्हा मोठ्यांच्या वॉर्डातला दाब कमी झाला, की त्याची धास्ती बाळांच्या कक्षातही होती.

पाचवी अडचण सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी बोलली गेलेली - आई आणि बाळाची ताटातूट. त्याकडे पुढे सविस्तर येऊ.

नेपाळच्या नऊ रुग्णालयांनी काय दाखवलं?

या सगळ्याचा परिणाम आकड्यांत मोजणारा महत्त्वाचा अभ्यास नेपाळमध्ये झाला. तिथल्या नऊ रुग्णालयांत साथीच्या आधीपासूनच प्रत्येक प्रसूतीची नोंद ठेवली जात होती. त्यामुळे जानेवारी ते मे २०२० या काळात, म्हणजे लॉकडाऊनच्या आधी आणि लॉकडाऊनमध्ये काय फरक पडला, हे तपासता आलं. 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

या रुग्णालयांत आठवड्याला सरासरी १,२६१ प्रसूती होत होत्या. लॉकडाऊनमध्ये त्या ६५१ वर आल्या. मृत जन्माचं प्रमाण दर हजारी १४ वरून २१ झालं. आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण दर हजारी १३ वरून ४० वर गेलं, म्हणजे तिपटीने वाढलं.

हे आकडे वाचताना एक शंका येऊ शकते. कमी धोक्याची बाळंतपणं घरी किंवा लहान दवाखान्यात झाली आणि फक्त अवघड केसेस मोठ्या रुग्णालयात आल्या, तर मृत्यूंचं प्रमाण आपोआपच जास्त दिसणार नाही का? शंका रास्त आहे आणि वाढीचा काही भाग तसा असू शकतो. पण ढोबळ हिशेब करून पाहा. आधी आठवड्याला १,२६१ प्रसूती आणि हजारी १३ मृत्यू, म्हणजे सुमारे १६ बाळं. नंतर ६५१ प्रसूती आणि हजारी ४० मृत्यू, म्हणजे सुमारे २६ बाळं. बाळंतपणं निम्मी झाली, तरी दगावणाऱ्या बाळांची प्रत्यक्ष संख्याही वाढली. हे फक्त टक्केवारीचे खेळ नाहीत.

त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. कर्मचाऱ्यांचं हात धुण्याचं प्रमाण वाढलं, ही चांगली गोष्ट. पण कळा सुरू असताना बाळाच्या हृदयाचे ठोके तपासण्याचं प्रमाण घटलं. हे ठोके ऐकायला बाईजवळ जावं लागतं, थांबावं लागतं. संसर्गाच्या भीतीने आणि माणसं कमी असल्याने नेमकं तेच कमी झालं.

महाराष्ट्रात काय झालं?

महाराष्ट्रातली माहिती मुख्यतः 'प्रेगकोव्हिड रजिस्ट्री'मुळे मिळते. मुंबईतली आयसीएमआरची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आणि राज्यातली १९ वैद्यकीय महाविद्यालयं यांनी मिळून कोरोना झालेल्या गरोदर महिलांची ही नोंद ठेवली.

मार्च २०२० ते जानेवारी २०२१ या पहिल्या लाटेच्या काळातल्या ४,२०३ महिलांच्या नोंदी त्यात तपासल्या गेल्या. त्यांच्यापोटी ३,२१३ बाळं जिवंत जन्माला आली. मुदतपूर्व प्रसूतीचं प्रमाण १६.३ टक्के होतं, म्हणजे साधारण सहा बाळंतपणांमागे एक. गर्भपात आणि मृत जन्म मिळून गर्भ गमावण्याचं प्रमाण सहा टक्के होतं. ३४ महिलांचा मृत्यू झाला.

या बहुतेक महिलांना कोरोनाची लक्षणंच नव्हती. फक्त १३ टक्के महिलांना लक्षणं होती. म्हणजे तपासणीत पॉझिटिव्ह आलेल्या पण स्वतः ठणठणीत असलेल्या मोठ्या गटाचं बाळंतपण कुठे करायचं, बाळ कुणाजवळ ठेवायचं, हा रोजचा प्रश्न होता.

आईकडून पोटातल्या बाळाला संसर्ग होतो का? असं होऊ शकतं, हे पुण्याच्या ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांनी जुलै २०२० मध्ये समोर आणलं. नाळेतून संसर्ग झाल्याची दाट शक्यता असलेली ती देशातल्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक होती. ते बाळ गंभीर आजारी पडलं आणि उपचारांनंतर बरं होऊन घरी गेलं. पण असे प्रकार जगभरातच विरळ राहिले. ब्रिटनमध्ये मार्च आणि एप्रिल २०२० या दोन महिन्यांत देशभरात मिळून रुग्णालयात उपचार घ्यावे लागलेली कोरोनाबाधित नवजात बाळं ६६ होती.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. देशाच्या नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातला नवजात मृत्यूदर २०१९ मध्ये दर हजारी १३ होता, तो २०२० मध्ये ११ झाला. देशाचा दर २२ वरून २० वर आला. मग साथीचा परिणाम झालाच नाही का?

तसं नाही. हा दर संपूर्ण वर्षाचा आणि संपूर्ण राज्याचा असतो. गेल्या दोन दशकांत सुधारलेल्या सेवांमुळे तो दरवर्षी थोडा थोडा खाली येतोच आहे. दोन-तीन महिन्यांचा तडाखा, एखाद्या तालुक्यातली तुटलेली साखळी किंवा एखाद्या रुग्णालयावर आलेला ताण या सरासरीत विरघळून जातो. राज्याची सरासरी सुधारली, म्हणून लॉकडाऊनमध्ये वाटेत अडकलेल्या बाळाची अडचण खोटी ठरत नाही. उलट अ‍ॅम्ब्युलन्स आणि प्रसूती विभाग सुरू ठेवले गेले, म्हणून नुकसान आटोक्यात राहिलं असावं, असाही त्याचा अर्थ निघू शकतो.

आई आणि बाळाला वेगळं का ठेवलं गेलं?

साथीच्या सुरुवातीला विषाणूविषयी फारसं काही माहीत नव्हतं. चीनमधल्या तज्ज्ञांनी बाधित आईपासून बाळाला १४ दिवस वेगळं ठेवायचा सल्ला दिला. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही एप्रिल २०२० मध्ये तात्पुरतं वेगळं ठेवणं सुरक्षित असल्याचं म्हटलं. जुलैमध्ये त्यांनी ही भूमिका बदलली आणि काळजी घेऊन आई-बाळ एकाच खोलीत राहू शकतात, असं सांगितलं.

जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका मात्र सुरुवातीपासून वेगळी होती. आई बाधित असली तरी तिने मास्क लावून, हात धुऊन बाळाला जवळ घ्यावं आणि अंगावरचं दूध पाजावं. दुधातून कोरोना पसरल्याचा पुरावा नाही आणि दूध तोडल्याचं नुकसान मात्र नक्की आहे, असा त्यामागचा विचार होता.

भारतात बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि नवजातशिशुतज्ज्ञ यांच्या तीन संघटनांनी मिळून २०२० मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या. आई आणि बाळ दोघांची तब्येत ठीक असेल तर त्यांना एकत्र ठेवावं आणि आईने मास्क लावून दूध पाजावं, असं त्यात होतं. आई फारच आजारी असेल तर तिचं दूध काढून दुसऱ्या निरोगी व्यक्तीने पाजावं, असाही पर्याय दिला होता.

पण वॉर्डात सूचनेपेक्षा भीती मोठी ठरते. ६२ देशांमधल्या १,१२० आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणात दोन तृतीयांश जणांनी सांगितलं, की आई बाधित किंवा संशयित असेल तर ते बाळाला तिच्या अंगाशी ठेवू देत नाहीत. सुमारे एक चतुर्थांश ठिकाणी तर बाधित नसलेल्या व्यक्तीकडूनही स्तनपान होऊ दिलं जात नव्हतं. याच कर्मचाऱ्यांपैकी बहुतेकांना स्वतःच्या जिवाची काळजी वाटत होती, हेही त्याच सर्वेक्षणात दिसलं. त्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही.

'कांगारू' पद्धत एवढी महत्त्वाची का आहे?

कमी वजनाच्या बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं आणि वरून दुपट्याने किंवा साडीने बांधून ठेवायचं. यालाच 'कांगारू मदर केअर' म्हणतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात ही पद्धत सुरू झाली. तिथल्या सरकारी प्रसूती रुग्णालयात काचपेट्या कमी पडत होत्या, बाळं जास्त होती. एडगर रे आणि हेक्टर मार्टिनेझ या डॉक्टरांनी आईलाच बाळाची काचपेटी बनवलं.

तेव्हाची ती नाइलाजाची सोय पुढे औषधाइतकी प्रभावी ठरली. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांमध्ये ३,२११ बाळांवर मोठा अभ्यास झाला. भारतातून दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. एक किलो ते एक किलो ८०० ग्रॅमच्या आतल्या वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलं, तर २८ दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येतं, असं मे २०२१ मध्ये जाहीर झालं. फरक इतका स्पष्ट होता, की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. दुसऱ्या गटातल्या बाळांना या पद्धतीपासून लांब ठेवणं नैतिक ठरलं नसतं.

आता हा हिशेब कोरोनाशी जोडून पाहा. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या १२७ देशांसाठी संशोधकांनी २०२१ मध्ये एक अंदाज मांडला. कांगारू पद्धत सगळीकडे पोहोचली, तर सव्वा लाखाहून अधिक नवजात बाळांचे जीव वाचू शकतात. आणि आईजवळ ठेवल्याने कोरोना होऊन दगावू शकणाऱ्या बाळांचा अंदाज? दोन हजारांपेक्षा कमी.

म्हणजे विषाणूपासून एका बाळाला वाचवण्यासाठी आईपासून तोडलं, तर त्याबदल्यात साठहून अधिक बाळांचा जीव धोक्यात येतो. लेखाच्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर या हिशेबात आहे.

श्रीमंत देशांत सगळं ठीक होतं का?

तिथल्या अडचणी वेगळ्या होत्या. डेन्मार्क, आयर्लंड, नेदरलँड्स अशा देशांतून २०२० मध्ये एक अनपेक्षित बातमी आली. लॉकडाऊनमध्ये मुदतपूर्व जन्म कमी झाले. महिलांना विश्रांती मिळाली, प्रदूषण आणि इतर संसर्ग कमी झाले म्हणून असं झालं असावं, असे तर्क मांडले गेले. नंतर २६ देशांतल्या ५ कोटी २० लाख जन्मांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लॉकडाऊनच्या पहिल्या तीन महिन्यांतली घट तीन ते चार टक्क्यांचीच असल्याचं दिसलं.

विश्रांतीचा हा फायदा ज्यांना घरी बसून पगार मिळत होता, त्यांचा. रोजगार गेलेल्या, रेशनच्या रांगेत उभं राहणाऱ्या बाईला लॉकडाऊन म्हणजे विश्रांती नव्हती. १७ देशांतल्या ४० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर दिसलं, की साथीच्या काळात मृत जन्म आणि मातामृत्यू वाढले आणि आई-बाळांचे हाल कमी साधनांच्या देशांत जास्त झाले.

मात्र ताटातूट श्रीमंत देशांतही झाली. अतिदक्षता विभागात बाळाला भेटायला एकाच पालकाला, तेही ठरावीक वेळेत परवानगी, असे नियम आले. ५६ देशांतल्या २,१०३ पालकांच्या सर्वेक्षणात २१ टक्के पालकांनी सांगितलं, की बाळाजवळ कुणालाच थांबू दिलं नाही.

आफ्रिकेतला अनुभव आणखी एक धडा देतो. झिंबाब्वेतल्या हरारेमधल्या मोठ्या रुग्णालयात साथीच्या काळात दाखल होणारी बाळं घटली आणि मृत्यूंचं प्रमाण वाढलं. तिथे कडक लॉकडाऊन होता आणि नर्सचे संपही झाले. शेजारच्या भागातल्या मलावी या त्याहून गरीब देशातल्या रुग्णालयात मात्र तसा मोठा फरक दिसला नाही. देश किती गरीब, एवढ्यावरच सगळं ठरत नाही. कर्मचारी कामावर आहेत का आणि रस्ता खुला आहे का, यावरही बरंच ठरतं.

घरी गेल्यावर धोका संपतो का?

नाही. आपल्याकडे दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला पाहायला आशा सेविकेने ४२ दिवसांत सहा वेळा घरी जायचं असतं - तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. वजन करणं, ताप पाहणं, दूध नीट ओढतंय का, नाळेला पू आहे का, ही तिची कामं. २०२० मध्ये याच आशा सेविका घरोघरी कोरोनाचं सर्वेक्षण करत होत्या. सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेचीही भर पडली. शिवाय अनेक घरांनी बाहेरचं कुणी नको म्हणून दारं लावून घेतली.

डोळ्यांची तपासणी हा आणखी एक मुद्दा. वेळेआधी जन्मलेल्या आणि ऑक्सिजनवर राहिलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्या चुकीच्या वाढू शकतात. याला 'आरओपी' म्हणतात. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासायला हवेत. वेळेत लेझर किंवा इंजेक्शनने उपचार झाले तर नजर वाचते. उशीर झाला तर कायमचं अंधत्व येऊ शकतं. बाळ वरवर अगदी व्यवस्थित दिसतं, म्हणून घरच्यांना काही कळत नाही. लॉकडाऊनमध्ये तीस दिवसांची ही मुदत हुकण्याचा धोका किती मोठा होता, हे त्यामुळे लक्षात यावं.

पुढच्या साथीसाठी काय शिकायचं?

काही गोष्टी बदलल्या. गरोदर महिलांना कोरोनाची लस घेण्याची परवानगी भारतात २ जुलै २०२१ ला मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२२ मध्ये कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू पद्धत द्यावी, अशी शिफारस केली. त्याआधी बाळ स्थिर झाल्यावर ती सुरू करायची, असा प्रघात होता. दुसऱ्या लाटेनंतर अनेक सरकारी रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन तयार करणारे प्रकल्प बसले. सोलापुरातही गुरुनानक चौक परिसरात जिल्हा सामान्य रुग्णालय आणि महिला व नवजात शिशु रुग्णालय उभं राहिलं आहे. सिव्हिलवरचा भार वाटून घेणारी दुसरी जागा असणं साथीच्या काळात फार मोलाचं ठरतं. एक इमारत साथीच्या रुग्णांना दिली, तरी दुसरी बाळंतपणांसाठी मोकळी राहू शकते.

पण इमारत पुरेशी नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूला आग लागून दहा बाळांचा मृत्यू झाला. ती घटना कोरोनाशी संबंधित नव्हती. पण वीज, ऑक्सिजन आणि रात्रपाळीला पुरेशी माणसं या साध्या गोष्टींवर बाळांचा जीव किती अवलंबून असतो, हे तिने दाखवलं.

या सगळ्या अनुभवांतून निघणारे मुद्दे थोडक्यात असे:

- प्रसूती आणि नवजात विभाग ही अत्यावश्यक सेवा आहे. साथीतही इथले नर्स आणि डॉक्टर दुसरीकडे हलवू नयेत.
- लॉकडाऊन करताना गरोदर महिलांसाठी अ‍ॅम्ब्युलन्स आणि जिल्हा-राज्य सीमा ओलांडण्याची सोय आधी ठरवावी. सोलापूरसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात तर हे दोन्ही राज्यांनी मिळून ठरवायला हवं.
- आईला एसएनसीयूमधली 'भेटायला येणारी नातेवाईक' समजू नये. ती उपचाराचा भाग आहे.
- आई खूप आजारी असेल तर आजी, मावशी किंवा वडीलही बाळाला छातीशी धरू शकतात.
- डिस्चार्जच्या कागदावर डोळ्यांच्या तपासणीची आणि लसीची तारीख लिहून घ्यावी. ती तारीख साथीतही चुकवू नये.

भारतात दरवर्षी सुमारे ३० लाख बाळं मुदतीआधी जन्माला येतात. जगात ही संख्या सगळ्यात जास्त आहे. पुढची साथ कधी येईल आणि कोणत्या विषाणूची असेल, हे कुणी सांगू शकत नाही. पण तेव्हाही करमाळ्यात किंवा अक्कलकोटमध्ये कुणाला तरी साडेसातव्या महिन्यात कळा सुरू होतील. तेव्हा गाडी मिळेल का, दवाखान्याचं दार उघडं असेल का आणि बाळ आईच्या छातीशी राहील का, हे आधीच ठरवून ठेवता येतं.